खिशातले हात

माझा मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो. गिऱ्हाईक दारातूनच सुरू होतं, "टाके सोडतंय हो, खडखडतंय, परवा तर नुसतं किंचाळत होतं." मामा मशीनच्या फळीवर तळवा ठेवतो, चाक फिरवतो आणि दोन मिनिटांत बोट दाखवतो. शटल ढिलं झालंय, नाहीतर पट्टा घासतोय. मामाला जन्मापासून ऐकू येत नाही. कागदावर तो कर्णबधिर, गल्लीत बहिरा. त्याला गल्लीतला शब्द बरा वाटतो, लिहायला कमी वेळ लागतो म्हणतो.

मामीही बहिरी. त्यांच्याकडे बेल दाबली की वाजत नाही, दिवा लागतो. हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. जेवताना बोलायचं तर हातातला घास आधी संपवावा लागतो, म्हणून त्यांचं जेवण दीड तास चालतं. तिथे प्रत्येकाला हाताचं नाव असतं आणि ते दुसऱ्याने द्यायचं असतं. माझं नाव आहे चोच. बोटं तोंडाशी धरून उघडमीट करायची, झालं. कारण मी सगळ्यांच्या नकला करते. मामाला आवाज पोचत नाही, म्हणून त्याच्यासाठी मी चेहरे करते, आणि तो हसतो. स्वतःचं हसू केवढं मोठं आहे हे त्याला माहीत नाही. रस्ता वळून बघतो.

त्यांची मुलगी ठिणगी. तिलाही ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा मामा-मामी फारसे घाबरले नाहीत. घाबरली माझी आई, म्हणजे मामाची थोरली बहीण. ठिणगी दोन वर्षांची झाली आणि डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे ऑपरेशन करून ऐकायचं यंत्र बसवायचं सुचवलं. आई म्हणाली, "मी काही बोलत नाही. मुलगी तुझी, निर्णय तुझा. पण." तो 'पण' चहाला सुरू झाला आणि जेवणाची ताटं उचलली तरी चालूच होता. मी मध्ये बसून भाषांतर करत होते, माझे दंड दुखायला लागले.

दुसऱ्या बाजूला पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, मामाचा शाळेपासूनचा दोस्त, तोही बहिरा. रविवारी त्यांचं मंडळ जमतं. पेंटरचे हात मोठे आणि बोलणं पाटीवरच्या अक्षरांएवढं, हॉलच्या दुसऱ्या टोकाला वाचता येतं. तो म्हणाला, "तिच्यात बिघडलंय काय, दुरुस्त करायला निघालास ते?"

मामा म्हणाला, "काही बिघडलं नाही. एकाच मशीनला सरळ टाका येतो आणि झिगझॅगही येतो. दुसरा आला म्हणून पहिला कुणी काढून टाकत नाही."

"ते काढायला लावतात. बघशील तू," पेंटर म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले. त्यांच्यात भांडण असंच संपतं. समोरच्याने डोळे मिटले की तुम्ही काय वाटेल ते बोला.

पेंटरचं खरं निघालं. ऑपरेशन झालं, कानामागे यंत्र बसलं आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे वर्ग सुरू झाला. बाई मनाने वाईट नाहीत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शब्द नाकातून, आणि दर वाक्याला शेपूट. "बाबा, नीट लक्ष द्या हं. आजपासून घरात हात बंद. हातांनी भागलं तर मूल तोंड कशाला उघडेल? मला हात दिसले तर वर्गातलं नाव काढावं लागेल हं. बाहेर वीस मुलं थांबलीयत. कळलं ना?"

मला ते सगळं मामाला हातांनीच सांगावं लागलं. मी चष्म्यासकट सांगितलं. मामा हसला नाही.

त्या दिवसापासून तो ठिणगीसमोर हात खिशात घालून बसायला लागला. मामी पदराखाली हात धरायची. ठिणगी समोर येऊन मान वाकडी करून बघायची, मग मामाचा हात खिशातून ओढून काढायची, आणि तो पुन्हा आत घालायचा. तीन आठवडे असं चाललं. चौथ्या आठवड्यात ती ओढायची थांबली. भिंतीकडे तोंड करून ठोकळे लावत बसली.

दुसऱ्या दिवशी मामाने तिला दुकानात नेलं, दार लोटलं आणि हात बाहेर काढले. मला म्हणाला, "बाईंनी घरात बंद सांगितलंय. दुकान काही घर नाही."

मग काय, सगळा संसार दुकानात आला. मामी डबा तिथेच आणायची. ठिणगीने मशीनच्या फळीवर मामाच्या तळव्याशेजारी तळवा ठेवायचा आणि दोघांनी रोगी तपासायचा. मला मात्र नोकरी लागली. तोंडाने बोलणारं माणूस घरात कुणीच नाही, तेव्हा रोज संध्याकाळी दोन तास चोचीने बडबडायचं. आयुष्यभर "गप्प बस" ऐकलेल्या मुलीला हे केवढं सुख. दोन तास एका आवाजात कोण बोलणार? मी गिऱ्हाइकं करायची, आई करायची, आणि सगळ्यात जास्त बाई करायची. बाई आल्या की ठिणगी खदखदायची.

दीड वर्षाने तपासणी होती. ओठ दिसू नयेत म्हणून बाईंनी पुठ्ठा तोंडासमोर धरला. "चेंडू कुठेय?" ठिणगीने चेंडू उचलला. "टोपी?" टोपी उचलली. मामा कोपऱ्यात बसला होता, हात खिशात. मग बाईंनी चित्र दाखवलं.

"मांजर," ठिणगी म्हणाली, आणि दोन बोटांनी गालावरून मिशा ओढल्या.

बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. "घरी हात चालू आहेत," त्या मला म्हणाल्या. "विचार बाबांना."

मी विचारलं. मामा उठून उभा राहिला. त्याचे हात खिशातून निघायच्या आत ठिणगी खुर्चीवरून उतरली, त्याच्याकडे गेली, हात ओढून बाहेर काढला आणि बाईंकडे वळली. नसलेला चष्मा नाकावर सरकवला.

"बाबांना तोंडानी नाही कळत हं," ती नाकातून म्हणाली. "हातांनी सांग. कळलं ना?" आणि म्हणतानाच तेच सगळं हातांनीही सांगितलं, बाबांना कळावं म्हणून.

मी छताकडे बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"हा आवाज माझा आहे," बाई म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. काय म्हणणार?

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझ्याकडे ही दोन शब्दांच्या वर कधी गेली नाही." बोटांवर त्यांनी तिचे आत्ताचे शब्द मोजले, मग मामाकडे बघून विचारलं, माझ्याकडे नाही, "तुम्ही थांबलाच नाहीत का?"

मी ते हातांनी विचारलं. मामा म्हणाला आणि मी तोंडाने सांगितलं, "तीन आठवडे थांबलो. त्या तीन आठवड्यांत ती कुणाशीच बोलली नाही. तोंडानेही नाही."

बाईंनी फाइल उघडली. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलेलं होतं, हात बंद. त्यावर त्यांनी एक रेघ मारली, मग नीट दिसावी म्हणून आणखी एक. "वर्ग आहे त्याच वेळेला," त्या म्हणाल्या. "आणि त्या मिशा परत दाखवा बघू."

मामाने दाखवल्या. बाईंनी करून बघितल्या, जरा चुकल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्यात माणसांना हाताची नावं असतात म्हणे. माझं काय आहे?"

मी मामाकडे बघितलं, मामाने माझ्याकडे. ठिणगीने बोट नाकाच्या शेंड्यावर ठेवून चष्मा घसरवला.

"अगदी घसरलेला?" बाईंनी विचारलं.

"अगदी," मी म्हणाले.

रविवारी मंडळात मामाने पेंटरला हे पहिल्यापासून सांगितलं, मिशांपासून रेघेपर्यंत. पेंटरने सवयीप्रमाणे डोळे मिटले. मामा हात मांडीवर ठेवून थांबला. थोड्या वेळाने पेंटरने एक डोळा उघडला, मामा आणखी काही सांगतोय का ते बघायला.