डेव्हिएशनवर पास झालेली बारा क्रियापदं

कंपनीत दोन गोष्टी कधी कमी पडत नाहीत, भंगार आणि किस्से. भंगार निदान शनिवारी उचललं जातं, किस्से साठतच राहतात. आमच्या चाकणच्या कंपनीत स्पॅनिशचा क्लास सुरू झाला आणि नुसता ढीग लागला राव!

झालं असं, की पार्ट बनवायचं नवं प्रेस मशीन शिकायला एकाला सहा महिने स्पेनला पाठवायचं ठरलं. अट एकच, तोंडी परीक्षा पास. आमचे सुपरवायझर दत्ताभाऊ, कुरुळी गावचे, पन्नाशीला टेकलेले, एकदा नापास झाले होते. आता शेवटची संधी होती, आणि त्यांना जायचं म्हणजे जायचंच होतं.

*

भविष्यकाळ शिकवताना स्पॅनिशच्या मॅडम म्हणाल्या, "सोप्पं आहे. अख्खं क्रियापद घ्या, शेवटी प्रत्यय लावा." मग हळूच म्हणाल्या, "फक्त ही बारा तशी चालत नाहीत." करीन, येईन, निघेन... रोज लागणारी नेमकी तीच वाकडी!

आमच्याकडे पार्ट जरा वाकडा निघाला, तर साहेबांची सही घेऊन 'डेव्हिएशन'वर चालवतात. दत्ताभाऊंनी वहीतून मान वर केली. "म्हंजी ड्रॉइंगला बसत न्हाईत, तरी पास हायेत. सरळ सांगा ना मॅडम, डेव्हिएशनवर घेतलीत!"

मॅडम आता सगळ्या बॅचना असंच शिकवतात.

*

पाठांतरासाठी दत्ताभाऊंनी ती बारा देवनागरीत टॅगवर लिहिली, मागे अर्थ, आणि येता-जाता दिसावीत म्हणून प्रेसना अडकवली. स्टोअरमध्ये टॅग फक्त लाल होते. लाल टॅग म्हणजे मशीन बंद, हात लावायचा नाही! सकाळची शिफ्ट आली, टॅग बघितले आणि सरळ चहाला गेली.

साहेब धावत आले. ऑपरेटर म्हणाला, "फॉल्टचं नाव वाचलं सर, 'तेंद्रे'. मोठा दिसतोय, म्हणून हात नाही लावला!"

टॅग त्याच दिवशी दत्ताभाऊंच्या गोठ्यात गेले. मग सकाळी धार काढताना वहिनी टॅग बघून विचारायच्या आणि भाऊ चारा टाकत उत्तरं द्यायचे. वहिनींची शाळा सातवीपर्यंत, पण विचारता विचारता भाऊंचं स्पॅनिश त्यांनाही कळायला लागलं. त्यांचा आवडता टॅग एकच, "यो साल्द्रे", मी निघेन. मुंबईच्या पुढे त्या कधी गेल्याच नव्हत्या.

*

साहेबही क्लासला यायचे. एकदा त्यांनी स्पॅनिशमध्येच विचारलं, "प्रेसची डाय कधी दुरुस्त करणार?"

दत्ताभाऊ ताठ उभे राहिले. "आरे मान्याना!" उद्या करीन! वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तारीख दिली होती.

साहेब खूश. "आता हेच मराठीत सांगा."

"मराठीत... बघू साहेब."

*

परीक्षा कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, व्हिडिओ कॉलवर होती. दत्ताभाऊंच्या घरी रेंज फक्त गोठ्यापाशी यायची. मी मोबाईल धरून उभा, दत्ताभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत, मागे वहिनी म्हशीची धार काढत बसलेल्या.

दहापैकी आठ उत्तरं बरोबर यायला हवी होती. भाऊंची पहिली नऊच्या नऊ बरोबर आली, म्हणजे पास!

पलीकडच्या बाईही खुलल्या होत्या. हसत त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, "तुम्ही स्पेनला आलात, की तुमची बायको काय करेल?"

प्रश्न भाऊंना कळला होता. पण त्याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

मागे धारेचा आवाज थांबला.

"यो?" वहिनी म्हणाल्या. "साल्द्रे!"