सौमित्रचे दोन सेकंद

माझ्या मुलाची जिम्नॅस्ट म्हणून कारकीर्द जेमतेम अकरा वर्षांची. सहाव्या वर्षी सुरू झाली, सतराव्या वर्षी संपली. कोणी विचारलं तर मी सांगते, खांदा गेला. ते खरंच आहे. पण खांदा का गेला हे मला परवाच्या शनिवारी कळलं.

कापेल आन डेन आयसेल या डच गावात आम्ही आलो तेव्हा सौमित्र पाच वर्षांचा होता. सोफ्याच्या पाठीवरून चालायचा, दाराच्या चौकटीत हातपाय रोवून वर चढायचा आणि पुण्याच्या आजीशी फोनवर तिथूनच गप्पा मारायचा. शेजारीण म्हणाली, ह्याला जिम्नॅस्टिक्सला घाला, नाहीतर घर पाडेल. घातलं. देश लहान, त्यात निम्मी मुलं फुटबॉलला आणि उरलेली हॉकीला. मुलग्यांचं जिम्नॅस्टिक्स म्हणजे मूठभर पोरांचा कारभार. प्रत्येक स्पर्धेत तीच मुलं, तेच आईबाप, डब्यात तेच चीज घातलेले ब्रेड. पंचसुद्धा आईबापांतलेच. ज्या क्लबनं आपला पंच आणला नाही त्याच्या मुलांना उतरू देत नसत. कोच योपनं पालकांची बैठक घेऊन विचारलं, पंचांचा कोर्स कोण करेल? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. हात वर केला माझ्या नवऱ्यानं.

श्रीनिवास सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि शनिवारी विरंगुळा म्हणून पुन्हा चुकाच काढायच्या, असं मी त्याला चिडवायचे. पण माणूस मनापासून शिकला. डच भाषेतलं जाडजूड नियमांचं पुस्तक पेन्सिलीनं खुणा करून पाठ केलं. गुडघा किती वाकला, पाऊल किती सरकलं, कशाला एक दशांश गुण कापायचा, कशाला तीन. दोन वर्षांत त्याचं नाव झालं. कडक, पण सरळ. सौमित्रला त्याचा फार अभिमान होता. माझे बाबा कधी खोटा मार्क देत नाहीत, हे तो डचमध्ये सगळ्यांना ऐकवायचा.

हा कडकपणा वारशानं आलेला. माझे सासरे गणिताचे मास्तर. श्रीनिवास त्यांच्याच वर्गात होता आणि मास्तर स्वतःच्या मुलाचे दोन मार्क मुद्दाम कापायचे, कोणी बोट दाखवायला नको म्हणून. ही गोष्ट आमच्याकडे सणावारी, पाहुण्यांसमोर कौतुकानं सांगितली जाते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं सगळं जग वागतं. आमच्या घरात उलटं. लग्नानंतर मीही ती गोष्ट ऐकून माना डोलावल्या. ज्या मुलाचे दोन मार्क गेले त्याला काय वाटलं असेल, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही.

सौमित्र सोळा वर्षांचा असताना विभागीय स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये होती. पहिले चार राष्ट्रीय निवड शिबिराला जाणार होते. रिंग्जचा पंच आजारी पडला आणि आयत्या वेळी श्रीनिवासला तिथे बसवलं. मी शेजारी लॅपटॉप घेऊन, गुण भरायला. त्याच गटात सौमित्र होता. आपल्या मुलाचे गुण दुसऱ्या पंचाला ठरवू दे, एवढं एक वाक्य मी म्हणायला हवं होतं. त्यानंही म्हणायला हवं होतं. कोणीच म्हटलं नाही. आपल्याला कोण नावं ठेवणार आहे, असा आमचा दोघांचा तोरा.

रिंग्जवर सौमित्रचा क्रॉस होता. वरून टांगलेल्या दोन कड्या धरून, हात दोन्ही बाजूंना सरळ पसरून अंग मधोमध स्थिर ठेवायचं. दोन सेकंद. त्याहून कमी थांबलं की तीन दशांश जातात. श्रीनिवास मोजताना ओठ हलवतो, तेही मराठीत. मी मुलाकडे बघत होते आणि एका डोळ्यानं नवऱ्याच्या ओठांकडे. एक. दोन. ओठ मिटले तेव्हा सौमित्रचे हात अजून सरळ होते. मग तो खाली आला. श्रीनिवासनं पेन उचललं, क्षणभर थांबला आणि तीन दशांश कापले. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी आकडा भरला.

सौमित्र पाचवा आला. चौथ्या मुलापेक्षा दोन दशांश कमी.

घरी स्वयंपाकघरात मी विचारलं, "दोन मोजलेस ना तू?" तर म्हणाला, "पोटच्या पोराचं असलं की डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, नीला. काठावरचं होतं. उद्या कोणी म्हटलं असतं, बापानं दिले." काठावरचं नव्हतं. ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. पण मी मूग गिळून बसले. पुढच्या वर्षी आहेच की, असं स्वतःला समजावलं.

पुढच्या वर्षी स्पर्धेआधी तीन आठवडे सौमित्रचा उजवा खांदा रिंग्जवरच फाटला. दोन ऑपरेशनं झाली. फिजिओ म्हणाली, हात डोक्यावर जाईल एवढ्यावर समाधान माना. तोही पूर्ण गेला नाहीच. मुलगा मुकाट्यानं शिकला, इंजिनीयर झाला, आता नायमेखनला चिपच्या कंपनीत आहे. टीव्हीवर जिम्नॅस्टिक्स लागलं की उठून चहा करायला जातो. आम्ही म्हणायचो, नशीब.

परवा क्लबनं श्रीनिवासचा सत्कार केला. पंच म्हणून चौदा वर्षं झाली, आता तो थांबतोय. कॉफी, ॲपल टार्ट, फुलं. आणि योपनं भाषणाला उभं केलं सौमित्रला.

तो डचमध्ये छान बोलतो, हसवतो. बाबांच्या पेन्सिली, बाबांचे हलणारे ओठ, सगळं सांगून झालं. मग म्हणाला, माझा बाबा किती प्रामाणिक आहे त्याची एक गोष्ट सांगतो. सोळाव्या वर्षी माझा क्रॉस कमी पडला. योप म्हणाला, व्हिडिओ बघू या. मी म्हटलं, गरज नाही, बाबांनी कापलेत म्हणजे कमीच पडला असणार. दुसऱ्या दिवसापासून मी तीन सेकंद धरायला लागलो. मग चार. सगळे गेल्यावर एकटा पाच. खांदा दुखायला लागला तेव्हा घरी सांगितलं नाही. म्हटलं, पुढच्या वेळी बाबांना कापायला जागाच ठेवायची नाही.

लोक हसले, मग सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. श्रीनिवासनं फुलं घेतली. त्याचा चेहरा मी तीस वर्षं बघतेय, असा कधी पाहिला नव्हता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

सौमित्रला स्टेशनवर सोडायचं होतं. बाहेर गाडीपाशी श्रीनिवासनं फुलं टपावर ठेवली.

"सौमित्र, दोन झाले होते."

"व्हॉट?"

"त्या दिवशी रिंग्जवर. पूर्ण दोन. मी मोजले होते, तरी कापले. माझा मुलगा म्हणून कापले."

सौमित्र हसायला लागला. मग बापाचं तोंड बघून थांबला आणि माझ्याकडे वळला. "आई, डिड यू नो?"

"हो," मी म्हटलं. "मी शेजारीच होते. मीच भरला आकडा."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. सायकलवरून कोणीतरी त्याला हात करून गेलं, त्यानंही सवयीनं डावा हात केला. आमच्याशी तो डचमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये बोलतो, मराठी समजतं तेवढंच. पण त्या दिवशी शब्द शोधत, एकेक करून, मराठीत म्हणाला, "मग मी ते वर्षभर काय सुधारत होतो, बाबा?"