चारुशीलानं वजन वाढवायला सांगितलं

सांगलीत हळदीच्या एका जुन्या गोदामात चारुशीलाची जिम आहे. तिथं येणाऱ्या मुली कुस्ती, कबड्डी, भालाफेक खेळतात. काहींनी परदेशातून पदकं आणली आहेत. डाव शिकवणारे वस्ताद वेगळे. चारुशीला या मुलींची ताकद वाढवते आणि दुखापती लांब ठेवते. बारला प्लेटा लावायच्या आधी ती प्रत्येकीला विचारते, झोप झाली का, आणि पाळी कधी आली.

वल्लरी तिची शाळेपासूनची मैत्रीण, मराठी घेऊन एम. ए. झालेली. हा प्रश्न इतक्या मोकळ्या आवाजात पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिनं आधी दाराकडं पाहिलं. मुली मात्र बुटांच्या नाड्या बांधता बांधता उत्तरं देत होत्या.

कुंडलची राजनंदिनी तेवढी गप्प होती. कुस्तीत त्रेपन्न किलोच्या गटात राज्यात पहिली. राष्ट्रीय स्पर्धेची निवड चाचणी तोंडावर आली होती.

"किती महिने झाले गं?" चारुशीलानं विचारलं.

"सात. बरंच हाय की ताई. कटकट मिटली."

पायांची ताकद मोजायला घेतलेली तिची उडी दर आठवड्याला खाली येत होती. नडगी दुखत होती. चारुशीलानं तिला बारखालून बाहेर काढलं आणि डॉक्टरकडं नेलं. पोरगी राबते त्या मानानं खात नाही, डॉक्टर म्हणाले. म्हणून पाळी थांबली आहे. असंच चाललं तर नडगीचं हाड चिरेल. चाचणी सोडायची, पोटभर जेवायचं आणि पुढं सत्तावन्न किलोत उतरायचं, असं चारुशीलानं ठरवलं.

पण राजनंदिनीचं जेवण तिचे वडील ठरवत. आकाराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वजन गटाबाहेर जाऊ नये म्हणून लेकीला भाकरी ते स्वतः मोडून द्यायचे.

"बापाशी हे बोलत्यात व्हय ताई?" राजनंदिनी रडकुंडीला आली.

"तू नको बोलू. मी बोलते."

रविवारी दोघी मैत्रिणी स्कूटरवरून कुंडलला गेल्या. वाटेत वल्लरीनं आडवळणाची दोन-चार वाक्यं सुचवली. चारुशीलानं त्यातलं एकही वापरलं नाही. आकाराम गोठ्यात संध्याकाळची धार काढत होते.

"आबा, नंदिनीला सात महिने पाळी आलेली नाही."

धारेचा आवाज थांबला. वल्लरीला कुठं बघावं कळेना. राजनंदिनी गोठ्याच्या दारातच थिजली.

"हे पोरीच्या आईला सांगा, बाई."

"तिची भाकरी आई मोडत नाही. तुम्ही मोडता."

आकाराम पुन्हा धार काढू लागले. चारुशीला त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"म्हशीला खुराक कमी पडला तर काय होतं, आबा?"

"दूध आटतं."

"आणखी?"

"माजावर येत न्हाई." ते बोलून गेले आणि अडखळले. मग त्यांनी मान वर केली. "माझी लेक म्हस वाटली व्हय तुमाला?"

"म्हशीला तुम्ही जास्त घालता."

राजनंदिनीला हसू फुटलं. तिनं ओढणी तोंडावर दाबली. आकाराम हसले नाहीत.

"आन् चाचणी? सत्तावन्नात जुन्या, तयारीच्या पोरी हायत. तितं हरली मंजी?"

"हरेलही. मी खात्री देत नाही. वस्ताद माझ्यावर भडकलेत. तुम्हीही तिला माझ्याकडून काढून घ्या हवं तर. पण जिथं न्याल तिथं तिला जेवू घाला."

राजनंदिनीमुळेच त्या जिमचं नाव झालं होतं. ती गेली तर मागोमाग आणखी जातील, हे वल्लरीला ठाऊक होतं. चारुशीलाला तर होतंच.

"नंदे, हिकडं ये," आकाराम म्हणाले. लेक आली. तिच्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "नडगी लय दुखती?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी रोज चाचणीचंच बोलत हुता."

आकारामांनी बादलीतलं दूध तांब्यात ओतलं आणि तिच्या हातात दिलं. ती तांब्या धरून उभी राहिली, चारुशीलाकडं बघत.

"तिच्याकडं काय बघतीस," ते म्हणाले. "पी."

चाचणीला राजनंदिनी गेली नाही. त्रेपन्न किलोत दुसरीच निवडली गेली, आणि त्याबद्दल चारुशीलानं गावभर बोलणी खाल्ली. पुढं उसाला तोड लागली तेव्हा एका सकाळी जिममध्ये फोन वाजला. आकाराम होते. त्यांनी आधी पाऊसपाणी विचारलं, मग वस्तादांची तब्येत. मग आवाज खाली आला.

"बाई, ते... आली." आणि फोन ठेवला.