थांबलेल्या मोटरचा ठाव

आज प्रयोगशाळेत आमची मोटर फिरत होती. आतला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, नेमका कुठे आहे हे सांगणारा सेन्सर तिला नव्हता. फिरताना रोटर तारेच्या वेटोळ्यांत जी थोडी वीज निर्माण करतो, तिच्यावरून आम्ही त्याची जागा ओळखत होतो. मोटर थांबली आणि पडद्यावरची त्या विजेची रेघ सपाट झाली.

"सर, आता कुठं असेल तो?" सहकारी मीराने विचारलं.

"थांबला की तो काहीच कळवत नाही," मी म्हणालो आणि मला घर आठवलं.

माझी बायको सुमा गुणगुणत कामं करायची. ती कुठल्या खोलीत आहे, हे मला न पाहता कळायचं. तिला जाऊन वर्ष होत आलं.

संध्याकाळी घरी आलो आणि सवयीने हाक मारली, "सुमा, कुठं आहेस गं?"

उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही मी एकेका खोलीत दिवा लावून पाहिलं.