पाणबुड्याचा हात

दातवाल्यांनी आयुष्यात कुणाचा दात उपटला नाही की बसवला नाही. ते काम डॉक्टरांचं. पुढच्या खोलीत डॉक्टर "आ करा" म्हणायचे आणि मागच्या खोलीत हे मान खाली घालून कवळ्यांच्या गुलाबी हिरड्या घासत बसायचे. कितीतरी लोक यांच्या हातचं हसू तोंडात घालून हिंडत होते आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता. दातवाल्यांना त्याचं काही वाटत नसे. माणूस मुळातच कमी बोलणारा, आणि घरी गेलं तर त्याहूनही कमी बोलणारा भाऊ.

हा धाकटा भाऊ म्हणजे सोन्या. पन्नाशी उलटली, डोकं पांढरं झालं, तरी घरात सोन्याच. जन्मापासून एक शब्द बोलला नाही. ऐकू सगळं यायचं, समजायचंही आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त, पण मान हलवून हो-नाही म्हणणंसुद्धा त्याला कधी साधलं नाही. आई होती तोवर तिला त्याच्या डोळ्यांवरून कळायचं, निदान कळतं असं ती सांगायची. मग कधीतरी त्याच्या हाती बोटभर उंचीचा प्लॅस्टिकचा पाणबुड्या लागला, हातपाय हलणारा. आईने सहज विचारलं, "दूध देऊ का रे?" सोन्याने पाणबुड्याचा उजवा हात वर केला. "साखर घालू?" हात खाली. आई न्हाणीघरात जाऊन रडून आली, आणि त्या दिवसापासून घरात वर म्हणजे हो आणि खाली म्हणजे नाही, असा कायदा झाला.

आई गेल्यावर कायदा दातवाल्यांकडे आला. ते पडले कारागीर, त्यांना गप्प कुठलं बसवतं. पाणबुड्याच्या हातात भाला होता तो त्यांनी दवाखान्यातल्या मशिनवर घासून काढला, कारण प्रत्येक "हो"ला तो सोन्याच्या डोळ्याजवळ जायचा. सोन्याला चष्मा लागला तसा तारेचा चष्मा पाणबुड्यालाही लागला. सोन्याचं पोट सुटलं तेव्हा कवळीच्या गुलाबी मसाल्याचं पोट पाणबुड्याला चढलं. केस पांढरे केले, तेव्हा मात्र सोन्याने तो दिवसभर पालथा घालून ठेवला होता. रुसला असणार. म्हातारपण कुणाला आवडतं?

घर चाललं होतं. मग एके सकाळी सोन्या न्हाणीघरात पडला.

दातवाले त्याला उचलायला गेले आणि उचलता येईना. काखेत हात घालून पाहिलं, पाठीला टॉवेल लावून ओढून पाहिलं. कमरेत कळ आली तसे तेही शेजारी ओल्या फरशीवर बसले. दोघे भाऊ तसेच बसून राहिले. शेवटी शेजारचा टॅक्सीवाला हाका ऐकून आला आणि त्याने एकेकाला उठवलं. सोन्याला फारसं लागलं नव्हतं. पण तो ज्या कुशीवर पडला त्या कुशीला खिसा होता आणि खिशात पाणबुड्या होता. त्याचा उजवा हात खांद्यातून मोडला होता.

मधली बहीण धावत आली. तिचा संसार दुसरीकडे, पण जीव इथे अडकलेला.

"दादा, आता पुरे," ती म्हणाली. "परवा तूच पडलास तर? दोघांना कोण उचलणार? अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे मी बोलून आलेय. चांगली माणसं आहेत, खोल्या स्वच्छ आहेत. एक जागा रिकामी झालीय, सोमवारपर्यंत धरून ठेवतो म्हणाले. नाहीतर पुढच्याला देणार."

"त्याला विचारतो," दातवाले म्हणाले. "नाही म्हणाला तर नाही पाठवायचा."

"आणि कशाने विचारणार? हात तर तुटलाय."

"बसवतो की."

असं बोलायला काय जातं. बहिणीने चहाचे कप विसळायला घेतले.

हात मोडला तशी सोन्याने उत्तरं देणं सोडलं. समोर येईल ते खायचा, सांगाल तिथे बसायचा. दातवाल्यांनी स्वतःचा हात पुढे करून पाहिला. "हे बघ, वर म्हणजे हो. कळलं का? वर कर बघू." सोन्याने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर ठेवून दिला. बराच वेळ सोडला नाही.

काम तसं लहानच होतं. खांद्याच्या खोबणीत मोडका तुकडा अडकला होता. तो कोरून काढायचा, तारेची खीळ बसवायची, झालं. पण कोरायचं कशाने? दवाखाना नव्या डॉक्टरांनी घेतला होता, कवळ्या आता बाहेरून बनून येत होत्या, आणि दातवाल्यांचं मशिन भंगारात कधीच गेलं होतं. म्हणून दातवाले हत्यारांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, हातात धरून चालवायचं एक छोटं रोटरी मशिन द्या, खिशाला परवडेल असं.

दुकानदाराने काउंटरवर तीन मशिनं मांडली. पहिल्याला वेग कमीजास्त करायची चकती होती, टोकांची अख्खी पेटी होती, आणि किंमतही तशीच होती. दातवाल्यांनी ते हातात घेतलं, तोललं, आणि जड मनाने खाली ठेवलं.

"करायचं काय आहे पण?" दुकानदाराने विचारलं.

"एक बाहुला आहे. त्याचा खांदा."

"बाहुला? मग हे मोठं कशाला, नाकापेक्षा मोती जड. हे न्या." त्याने पेनाएवढं, बॅटरीवरचं मशिन पुढे केलं. "असले बाहुले रंगवणारे, कापणारे पुष्कळ येतात माझ्याकडे. सगळे हेच नेतात. हळू चालतं, पण स्वस्त."

आता इथे दातवाल्यांची विद्या आडवी आली. कवळी घासणाऱ्यांची एक जुनी परीक्षा असते. फिरत्या टोकावर चामड्याचा तुकडा धरायचा आणि अंगठ्याने दाबायचा. जे मशिन अंगठ्याखाली थांबतं ते कुचकामी. दातवाल्यांनी खिशातलं पाकीटच टोकावर दाबलं. पेनाएवढं मशिन कुईं करून थांबलं. "याने नखं घासा," ते म्हणाले. तिसरं मशिन वायरचं होतं, त्याला एकच बटण, एकच वेग. तेही दाबून पाहिलं. ते थांबलं तर नाहीच, पाकिटाला भोक पडलं. किंमत चकतीवाल्याच्या जवळपासही नव्हती. दातवाले खूश होऊन तेच घेऊन निघाले, आणि दुकानदार त्यांच्या पाठीमागे म्हणाला, "काका, प्लॅस्टिकला हळूच बरं असतं हं." पण आयुष्यभर मशिन चालवलेल्या माणसाला हे कोण शिकवणार, असं वाटून त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. सोन्या समोर बसला. दातवाल्यांनी भिंग लावलं, पाणबुड्याला डाव्या हाताच्या तीन बोटांत धरलं आणि बटण दाबलं. टोक खोबणीत शिरलं. पहिल्या क्षणी त्यांचा उजवा पाय आपोआप उचलला गेला.

तेव्हा त्यांना कळलं. दवाखान्यातलं मशिन पायाने चालायचं. खाली पट्टी होती, ती दाबली की वेग वाढायचा, पाय सैल सोडला की उतरायचा. मऊ काही आलं की पाय स्वतःच सैल पडायचा, डोक्याला विचारायचा नाही. इतकी वर्षं ते स्वतःच्या बोटांना शाबासकी देत आले होते आणि कसब सगळं पायात होतं. आता पाय फरशीवर सैल पडला होता आणि मशिन आपलं त्याच वेगाने किंचाळत होतं. कवळीचा मसाला कडक, त्याची पूड उडते. पाणबुड्याच्या प्लॅस्टिकची पूड उडाली नाही. ते वितळलं.

त्यांनी बटण बंद केलं तोवर खांद्याची खोबण चिकट, पातळ झाली होती. धुराचा घाणेरडा वास आला. घाबरून त्यांनी तुटका हात तारेसकट आत खुपसला आणि नीट बसतोय का पाहायला वर उचलला. तो नीट बसला. भलताच नीट बसला, कारण तेवढ्यात प्लॅस्टिक गार झालं आणि हात वर उचललेला तसाच चिकटून बसला. खाली करून पाहिला, तर कटकन मोडेल असं वाटलं. गरम पाण्यात धरला, तर खांदा सैल व्हायच्या आधी चिकटवलेलं पोट सुटायला लागलं. ते त्यांनी घाईघाईने काढून फडक्यात गुंडाळलं. तेलही गेलं, तूपही गेलं म्हणतात ते हेच.

सोन्याने हात पुढे केला. द्यावाच लागला.

"चहात मीठ घालू का रे?" दातवाल्यांनी विचारलं. लहानपणापासूनची थट्टा होती, आणि उत्तर ठरलेलं होतं. सोन्याने अंगठ्याने हात खाली दाबला. हलला नाही. पुन्हा दाबला. मग त्याने दादाकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

खरा प्रश्न दातवाल्यांनी विचारलाच नाही. ज्या हाताला हो सोडून दुसरं काही येत नाही, त्याला काय विचारायचं, असं ते मनाशी म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की रात्रीचं ताट त्यांनी न जेवताच झाकून ठेवलं.

सोमवारी संस्थेची गाडी आली. बरोबर एक बाई होत्या, गोलमटोल, हसतमुख, खरोखरच चांगल्या. बहीण कपड्यांची बॅग घेऊन जिन्यात उभी होती. बाई सोन्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. घाईत असूनही बसल्या, हे दातवाल्यांनी पाहिलं.

"मला ताई सांगत होत्या, तुम्ही पाणबुड्याकडून बोलता," बाई म्हणाल्या. "मग सांगा, येणार ना आमच्याकडे राहायला?"

सोन्याने खिशातून पाणबुड्या काढला. हात वर होता.

"हो म्हणतोय," जिन्यातून बहीण म्हणाली. तिचा आवाज ओला झाला. "दादा, हो म्हणाला बघ."

सोन्याने पाणबुड्या टेबलावर धरला आणि सावकाश तो उलटा केला. डोकं खाली, पाय वर. उचललेला हात आता सरळ जमिनीकडे गेला. तो तसाच धरून सोन्या दादाकडे बघत राहिला.

"अरे वा, कोलांटी मारतोय की," बाई हसल्या.

डोळ्यांतल्या पाण्याने बहिणीला जिन्यातून नीट दिसलं नसावं. "काय म्हणतोय रे दादा?" तिने विचारलं.

दातवाल्यांच्या कमरेत अजून कळ होती. न्हाणीघराची फरशी त्यांनी सकाळीच कोरडी केली होती, आणि ती उद्या पुन्हा ओली होणार हे त्यांना ठाऊक होतं. नाही म्हणाला तर नाही पाठवायचा, हे त्यांचेच शब्द होते. त्यांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे त्यांचं त्यांनाही तोवर माहीत नव्हतं.

"हो म्हणतोय," ते म्हणाले.

सोन्याला ऐकू सगळं यायचं. त्याने पाणबुड्या सरळ केला, खिशात ठेवला, आणि उठायला आधार हवा म्हणून दादाकडे नाही, त्या बाईंकडे हात केला.