पुंजण्यातला जव

ऐंशीच्या दशकात मी साकोलीकडे कृषी सहायक होतो. धान निघाल्यावर रिकाम्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, दारूच्या कारखान्याला चालेल असा जव येतो का, हे पाहायचं होतं. सानगडीजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बांधीत मी दोन वाण शेजारी शेजारी पेरले. पहिल्याचा उतारा जास्त. दुसऱ्याला दाणे कमी, पण टपोरे, एकसारखे. कारखान्यात जव भिजवून त्याला कोंब आणतात. न उगवणारा दाणा त्यांना मातीमोल.

म्हाताऱ्याचा जीव दुसऱ्या वाणावर. "पुढच्या साली तलावाखालच्या साऱ्या बांध्या याच्याच, साहेब. लोकं पितीन, मी नुसता वास घेत बसतो."

कापणी झाली. पहिला वाण माझ्यासमोर मळून झाला, दुसरा राहिला. मला साळ्याच्या लग्नाची घाई होती.

"याचं काय करू जी?"

"धानासारखं पुंजणं घाला, काकाजी. आल्यावर मळू."

धानाच्या पेंढ्या आमच्याकडे महिना-महिना अशा रचून ठेवतात. पण या पेंढ्या हिरवट, ओलसर होत्या, आणि ते मी हाताने चाचपलं होतं.

मध्ये गारांचा पाऊस झाला. परत येऊन पुंजण्यात हात घातला तर आत वाफ. आंबलेल्या भाताचा, खाली मेलेल्या उंदराचा वास. काळपट दाणे बोटांना चिकटले. ओल्या पोत्यात शंभर दाणे ठेवले, सात उगवले.

अहवालात मी लिहिलं : दुसऱ्या वाणाची उगवण निकृष्ट, शिफारस नाही. पुंजण्याचा उल्लेख नाही. किती सुबक अक्षर काढलं होतं मी! त्या अक्षराची मला अजून किळस येते.

"माहीच चूक असन," म्हातारा म्हणाला. "ताडपत्री घालाले पायजे होती."

"असेल," मी म्हणालो. हे तर त्या वासाहून घाण.

पंधरा दिवसांनी तो ऑफिसात आला, हातात झाकलेलं ताट. कापणीच्याच दिवशी त्याच्या बायकोने बियाण्यासाठी मूठभर लोंब्या घरात टांगल्या होत्या. त्यांतला दाणा न् दाणा ओल्या फडक्यावर उगवला होता.

"वाण चांगला हाय, साहेब. वर लिहून द्या."

"अहवाल गेला."

"मंग दुसरा लिहा ना जी."

दुसरा लिहायचा तर कारण लिहावं लागलं असतं. "घरी ठेवलेला दाणा चाचणीत धरत नाहीत, काकाजी. नियम आहे."

त्याने ताट झाकलं. "नियम हाय त हाय."

असा नियम नव्हता. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या साऱ्या बांध्यांत नेहमीची लाखोळीची डाळ होती.