भिंतीतलं भोक

शेजारणीच्या मांडीवर झोपलेली मांजर आमच्या गच्चीवरून अगदी स्पष्ट दिसायची. माझ्या मांडीवर ती कधी दोन मिनिटं टिकली नव्हती. आणि तिला वाढवली होती मी! जुळे सोलापूरच्या आमच्या कॉलनीत, माझ्या स्कूटरखाली ती पिल्लू असताना सापडली, तेव्हा ऑफिसला चार दिवस रजा टाकून मी तिला ड्रॉपरनं दूध पाजलं होतं. मोठी झाल्यावर मात्र घरात थांबेना. दार लावलं की ओरबाडायची. मग बाहेर राहा, पण जेवायला माझ्याकडे ये, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं.

शेजारणीच्या आणि माझ्या अंगणांमध्ये एक भिंत आहे. पावसाचं पाणी जावं म्हणून तिच्या तळाशी एक भोक ठेवलेलं. त्यातून बाईसाहेब पलीकडे जायच्या. शेजारीण मंगळवेढ्याकडची, दुधात ज्वारीची भाकरी कुस्करून ठेवायची. मी आणलेल्या पाकिटातल्या खाऊचा नुसता वास घेऊन तोंड फिरवणारी मांजर तिथली ताटली लख्ख करायची. वाळत घालायचे कपडे तसेच हातात धरून मी ते बघत राहायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये तीन भटके बोके आले. एकदा त्यांनी मांजरीचा कान फाडला. शेजारीण भिंतीपाशी येऊन म्हणाली, "लई माजल्यात बगा ताई ते. आपन दोगी मिळून राखू की हिला."

आपण दोघी! मी हसून मान डोलावली आणि त्याच दुपारी भोकात दोन विटा घट्ट ठोकून बसवल्या. बोके या वाटेनं येतात, असं तिला सांगितलं. खरं तर बोके सरळ भिंतीवरून उड्या मारायचे; तेवढी उंच उडी मांजरीला जमायची नाही. त्यांचं धूड त्या भोकात मावलंही नसतं. हे मला चांगलं ठाऊक होतं.

आठवडाभर मांजर माझ्याच अंगणात होती. मी खुशीत.

रविवारी दुपारी भांडी घासत होते, तेवढ्यात बाहेर बोक्याचं गुरगुरणं ऐकू आलं. जाऊन बघते तर मांजर जिवाच्या आकांतानं भिंतीकडे पळत होती. भोकाशी पोचली, विटांवर डोकं आपटलं, मागे सरून पुन्हा आपटलं. ती तिकडे भाकरीसाठीच जाते असं मी धरून चालले होते. बोके मागे लागले की ती तिथूनच सुटत होती, हे मला तेव्हा कळलं. बोक्यानं तिला मानेपाशी धरलं. मी झाडू घेऊन धावले, त्याला हाकललं, पण मान आणि मागचा पाय, दोन्हीकडे दात खोल गेले होते.

माझी ओरड ऐकून शेजारीण तशीच अनवाणी आली. काही न विचारता तिनं मांजर टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसली. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले, आठ दिवस जपायला सांगितलं. वाचेल म्हणाले.

परत येताना मांजर शेजारणीच्याच मांडीवर होती. एवढं सगळं होऊनही आरशात ते दिसलं आणि मला पुन्हा तिचा राग आला. मग स्वतःचीच शिसारी आली. समोर बघतच म्हणाले, "वहिनी, त्या विटा मी बोक्यांसाठी नव्हत्या बसवल्या."

"म्हाईत हाय मला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

तिनं मांजरीवरचा टॉवेल सारखा केला. मग म्हणाली, "मांजर तुमची. मी कोन सांगनार?"

कित्येक महिने मला हेच तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आता ऐकलं, आणि स्कूटर रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवावी लागली.